आक्कांना पत्र : पाया कुणाचा?

गेल्या दोन महिन्यांत आलेली बरीच पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात. मंडळी, म्हणजे आपला ख्रिस्ती समाज, आपलं चर्च, कशावर उभी आहे आणि आपल्याला ती हवी कशाला, असं कोणी रागानं विचारलंय, कोणी रडवेलं होऊन. म्हणून या वेळी तीच पत्रं घेतली आहेत. नावं गाळली आहेत, मजकूर थोडा आटोपता केला आहे.

प्रश्न : आदरणीय आक्का, सप्रेम सलाम. आमच्या गावचं देऊळ, म्हणजे चर्चची इमारत, माझ्या आजेसासऱ्यांनी आणि त्यांच्या भावकीनं बांधलं. जागा त्यांची, दगडही त्यांनीच वाहिले. आजवर उपासना मराठीत होत आली. नवे पाळक (पास्टर) कन्नड बोलणारे आहेत. आता महिन्यातले दोन रविवार कन्नडमध्ये ठरले आणि दारावरची पाटीही बदलली. घरातली मोठी माणसं म्हणतात, पाया आमचा आणि आम्हीच परके झालो. ईस्टरपासून आमची सहा घरं देवळात जात नाहीत. माझी मुलं कन्नड शाळेत शिकतात, त्यांना मराठी बायबल धड वाचता येत नाही. मी कुणाच्या बाजूनं उभी राहू?
– एक भगिनी, चिकोडी तालुका

उत्तर : बाई गं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ‘पाया आमचा’ या शब्दांवर दरवेळी थांबले, कारण माझे वडील गवंडी होते. निपाणीपासून अथणीपर्यंत त्यांनी घरं बांधली, तंबाखूची गोदामं बांधली, तीन देवळंही बांधली. तुमच्याकडची जमीन काळी. खानापूरकडं तांबडी माती, थोडं खणलं की जांभा लागतो, तिथं पाया घालणं सोपं. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावरच पाया ठेवला तर भिंत तडकणारच. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं.

मी दहा-अकरा वर्षांची असताना रायबागकडच्या एका खेड्यात देवळाचं काम चालू होतं. लोकांना नाताळाआधी भिंती उभ्या हव्या होत्या. चार फूट खणलं, सहा फूट खणलं, काळीच माती. निम्मी वर्गणी मजुरीत गेली. लोक बोलू लागले, “मेस्त्री, आमचे पैसे मातीत घालायलाय तुम्ही.” वडील ऐकून घ्यायचे आणि सकाळी परत खणायला लावायचे. त्या वर्षी नाताळची उपासना खड्ड्याच्या कडेला मांडव घालून झाली. आठव्या फुटाला मुरूम लागला. वडिलांनी मला खाली उतरवलं आणि टाचेनं दाबून बघायला सांगितलं. म्हणाले, “हे आपण घातलेलं न्हवं. हे हितंच हुतं. आपण हितवर आलो, एवढंच.”

प्रेषित पौलानं ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या मंडळीला पत्रात हेच लिहिलं. तिथं कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा, म्हणजे पेत्राचा. आता करिंथात मंडळी सुरू केली ती पौलानंच. कुशल कारागिराप्रमाणे मी पाया घातला, असं तो म्हणतोही. पण लगेच पुढं सांगतो, की येशू ख्रिस्त हाच घातलेला पाया आहे, त्याच्यावाचून दुसरा पाया कोणाला घालता येत नाही. म्हणजे पौलाचा हक्क पौलानंच सोडला.

आमच्या बेळगावातही काही जण अभिमानानं सांगतात, की इथला पाया लंडन मिशनरी सोसायटीच्या जोसेफ टेलर यांनी १८२० साली घातला. टेलर आले हे खरं, आणि त्यांचे उपकारही खरे. पुढं लंडन मिशननं हे काम मेथडिस्ट पंथाच्या मिशनकडं सोपवलं. मग इंग्रजांचं राज्य गेलं. १९५६ साली बेळगाव मुंबई राज्यातून निघून म्हैसूर राज्यात गेलं. एवढं सगळं हललं आणि मंडळी दर रविवारी जमतच राहिली. पाया टेलर असते, नाहीतर मुंबई राज्य असतं, तर आज तिथं काय उरलं असतं?

तुझ्या आजेसासऱ्यांच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या आजोबांना गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता. माझ्या आजोबांना नव्हता येत. ओंजळ पुढं करायची आणि वरून कोणी ओतेल तेवढं पाणी प्यायचं. त्याच आजोबांनी आमच्या खेड्यातल्या देवळात प्रभुभोजनाच्या वेळी, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटतात तेव्हा, पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातून पेला हातात घेतला. पेला एकच होता, सगळ्यांच्या ओठांना लागलेला. ते सांगताना म्हातारपणीसुद्धा त्यांचा आवाज बदलायचा. तुमच्याकडच्या दगड वाहणाऱ्यांनाही असलंच काहीतरी मिळालं असणार, त्याशिवाय माणूस खांद्यावरून दगड वाहत नाही. जागेचा दाखला घेऊन भांडताना घरातल्या मोठ्या माणसांनी ती आठवण काढावी. हे त्यांना सांगायचं धाडस तुला होणार नाही, म्हणून मी लिहिते. त्यांना वाचून दाखव.

आता भाषेचं. यरुशलेमच्या अगदी पहिल्या मंडळीत जी पहिली कुरबुर उठली ती भाषेवरूनच होती, हे आपण विसरतो. नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, सहावा अध्याय. रोज अन्न वाटलं जायचं, त्यात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडं दुर्लक्ष व्हायचं आणि इब्री बोलणाऱ्यांच्या बायकांना नीट मिळायचं. प्रेषित, म्हणजे येशूचे निवडलेले शिष्य, स्वतः इब्री बाजूचे. त्यांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही, आणि तुम्ही तुमची वेगळी मंडळी काढा असंही सांगितलं नाही. सात माणसं निवडायला लावली. त्यांची नावं बघ : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही नावं ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात भाकरीची टोपली दिली. शाळेत असताना हा भाग मी पाठ केला होता, पण नावं ग्रीक आहेत हे पन्नाशी उलटल्यावर ध्यानात आलं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा तुमच्या पाळकांनाही माझं स्पष्ट सांगणं आहे. न विचारता पाटी बदलणं चूक. रविवारांची वाटणी ठरवताना सहा घरांतल्या एकालाही बैठकीत न बसवणं ही त्याहून मोठी चूक. पुढचा रविवार कुठल्या भाषेत आणि कसा, हे ठरवायला मराठी घरांतली दोन माणसं घ्या, त्यातली एक बाई असू द्या.

आणि दोन रविवार यांचे, दोन रविवार त्यांचे, ही वाटणी मला मुळातच पटत नाही. शेताची वाटणी अशी होते. आमच्याकडं एकाच उपासनेत दोन्ही भाषा चालतात. जुना करार एका भाषेत वाचला तर शुभवर्तमान दुसरीत. गीताची चाल एक, शब्द ज्याचे त्याचे. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की उजव्या बाजूनं ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ आणि डावीकडून ‘परलोकदल्लिरुव नम्म तंदेये’ एकदम उठतं. पहिल्यांदा गोंधळ वाटतो, चौथ्या रविवारी कान सरावतो. पवित्र आत्मा उतरला त्या पन्नासाव्या दिवशी यरुशलेमात प्रत्येकानं आपापल्या भाषेत ऐकलं होतं, तिथं कोणाची भाषा काढून घेतली नव्हती.

मी मराठी शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. सीमाभागातल्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडताना पाहिलेत, ते दुःख काय असतं हे मला कोणी सांगायला नको. मराठीच्या हक्कासाठी बोलायचं तर बोलावंच, पंचायतीत, शाळेत, कचेरीत. प्रभूच्या मेजाशी मात्र ते भांडण नेऊ नये, कारण तिथं शेजारी गुडघे टेकणारी कन्नड बोलणारी बाईही माझ्या आजोबांसारखीच ओंजळ घेऊन आलेली असते. आणि मुलांना मराठी घरी शिकव. रोज संध्याकाळी अर्धा तास, मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात कर, त्याची वाक्यं लहान आहेत.

बाजू विचारलीस. या रविवारी मुलांना घेऊन देवळात जा, कन्नड रविवार असला तरी. चोरून जाऊ नकोस, सासऱ्यांना सांगून जा. परत आल्यावर आपणहून त्यांच्यासमोर बसून उपदेशात काय ऐकलं ते मुलांना मराठीत सांगायला लाव.

प्रश्न : आक्का, मी उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे, शिफ्ट ड्युटी असते. लॉकडाउनमध्ये देवळं बंद झाली तेव्हापासून मोबाईलवर उपदेश ऐकायची सवय लागली. बायबल रोज वाचतो. देवळात गेलं की कमिटीची भांडणं. माझा विश्वास माझ्यात आणि प्रभूत आहे, मधे मंडळी कशाला?
– एक तरुण, बेळगाव

उत्तर : रात्रपाळी करून बायबल वाचणारा मुलगा आहेस, तुझ्या विश्वासावर मी शंका घेणार नाही. आधी एक शब्द बघूया. नव्या करारात एक्लेसिया असा ग्रीक शब्द आहे. ग्रीक शहरांत नागरिकांना बोलावून जी सभा भरायची तिला तो वापरत. मराठीत त्यासाठी ‘मंडळी’ हा शब्द घेतला आणि फार योग्य घेतला. ‘चला मंडळी, पानं वाढलीत’ असं आपण म्हणतो तोच हा शब्द. कन्नडमध्ये तिला सभे म्हणतात. दोन्ही शब्द एकट्या माणसाला लावता येत नाहीत. लॉकडाउनमध्ये बंद झालं ते देऊळ. मंडळी बंद झाली नव्हती, आमच्या महिला मंडळातल्या बायका तेव्हाही फोनवरून विचारत होत्या, कोणाच्या घरात तांदूळ संपलेत.

पहिली मंडळी काय करायची हे कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात आहे : प्रेषितांचं शिक्षण, सहवास, भाकर मोडणं, प्रार्थना. यातलं शिक्षण तुला मोबाईलवर मिळतं, कदाचित आमच्या देवळातल्यापेक्षा चांगलं. प्रार्थना तू घरी करतोस. सहवासाचं काय करणार? भाकर कोणाबरोबर मोडणार? एकमेकांची ओझी वाहा, एकमेकांजवळ पापं कबूल करा, अशी वचनं तू रोज वाचत असशील. ती एकट्यानं पाळून दाखव बघू.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा सगळ्या एकदम चढल्या. यमगर्णीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि बेळगावहून निपाणीला जाता येईना. मी तेव्हा बहिणीकडं अडकले होते. गावात देऊळ तेवढं उंचवट्यावर. तिथं अकरा दिवस माणसं राहिली, निम्म्याहून जास्त मंडळीबाहेरची. बाक बाहेर काढून जमिनीवर पोती अंथरली. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीला घाम सुटला, ती बरळू लागली. घरचं कोणी जवळ नव्हतं. दर रविवारी तिच्या शेजारी बसणारी विडी कामगार बाई उठली आणि म्हणाली, हिला साखरेची सुई असते, सकाळी खाल्लं नाही वाटतं हिनं. साखरपाणी पाजलं, तासाभरानं म्हातारी ताळ्यावर आली. मग त्या बाईनं तिची औषधाची बाटली मागून घेतली, घट्ट बंद केली आणि ओलं फडकं गुंडाळलेल्या मडक्यात ठेवली, कारण वीज नव्हती. तिला हे ठाऊक होतं ते केवळ वीस वर्षं एका बाकावर बसल्यामुळं. मंडळी कशाला, असं कोणी विचारलं की मला ते मडकं दिसतं.

कमिटीच्या भांडणांबद्दल तू लिहिलंस ते खोटं नाही. मी स्वतः दोन वर्षं एका बैठकीला जाणं सोडलं होतं, इतकं ते मनाला लागलं होतं. करिंथात तर भाऊ भावाला कोर्टात खेचत होता आणि प्रभुभोजनाला श्रीमंत आधी खाऊन घेत, गरीब उपाशी राहत. पौलानं त्यांना खडसावलं, पण पत्राच्या सुरुवातीला त्यांनाच ‘देवाची मंडळी’ म्हटलं. ते नाव त्यानं काढून घेतलं नाही.

शिफ्टमुळं रविवार जमत नसेल तर घरोघरच्या प्रार्थनासभेला जा. तुझ्याकडं मोटारसायकल असणार. तुझ्या गल्लीत देवळापर्यंत चालता न येणारं एखादं म्हातारं माणूस नक्की असेल. सुट्टीच्या रविवारी त्याला मागं बसवून आण, आणि सहा महिन्यांनी मला परत लिही. मी वाट बघेन.

प्रश्न : माझी सून कॅथलिक घरातली. ती म्हणते मंडळी पेत्रावर बांधलेली आहे, तसं येशूनंच म्हटलंय. आमचे पाळक म्हणतात, पेत्राच्या विश्वासावर. घरात वाद नको, पण खरं काय?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : वचन मत्तयाच्या सोळाव्या अध्यायातलं. जागा फिलिप्पाच्या कैसरियाची, हर्मोन डोंगराच्या पायथ्याशी. तिथं उभा कडा आहे, त्याच्या पोटातून यार्देनेचं पाणी निघतं आणि तिथंच परक्या देवाचं ठाणं होतं. अशा ठिकाणी पेत्र म्हणाला, तू ख्रिस्त, जिवंत देवाचा पुत्र आहेस. त्यावर येशू म्हणाला, तू पेत्र आहेस आणि ह्या खडकावर मी आपली मंडळी रचीन. ग्रीकमध्ये नाव पेत्रोस आणि खडक पेत्रा, पण अरामी भाषेत दोन्हीला केफा हाच शब्द. म्हणून सुनेचं म्हणणं पोकळ नाही. संत ऑगस्टिननं आधी खडक म्हणजे पेत्र असा अर्थ घेतला, पुढं खडक म्हणजे पेत्रानं कबूल केलेला ख्रिस्त असा, आणि उतारवयात कोणता पटतो ते वाचकावर सोडलं. माझं मत पाळकांसारखं आहे. त्याच अध्यायात थोड्याच ओळींनंतर येशू त्याच पेत्राला ‘सैताना, माझ्यामागे हो’ म्हणतो, हे वाचलं की कुठल्याही माणसाच्या खांद्यावर एवढा भार टाकायला माझं मन धजत नाही. पण त्या वाक्यातल्या ‘मी’ आणि ‘आपली’ या शब्दांबद्दल तुमच्यात आणि सुनेत वाद नाही. रचणारा तो, मंडळी त्याची. नाताळच्या रात्री एकदा सुनेबरोबर बेळगावच्या कॅम्पातल्या फातिमा कॅथेड्रलला जा आणि सकाळी तिला तुमच्या देवळात आणा.

प्रश्न : आमच्या देवळात एक बाई वर्षभर शेवटच्या बाकावर येऊन बसतात. बाप्तिस्मा नाही, घरचा विरोध आहे. काही जण म्हणतात, त्या मंडळीत मोडत नाहीत, मग रोज कशाला यायचं?
– एक संडे स्कूल शिक्षिका, निपाणी

उत्तर : बसू द्या. त्यांच्या शेजारी तुम्ही जाऊन बसा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्याची किंमत मोजली, आणि आयुष्याच्या शेवटी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. बाप्तिस्मा मी हलका मानत नाही. पण तो त्या बाईंनी आपण होऊन, आपल्या वेळी मागायचा आहे. तोवर त्यांना घाई करू नका आणि येणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव मिरवूही नका.

प्रश्न : आमच्या मंडळीच्या नव्या देवळाची कोनशिला बसवायची आहे. देणगीदारांची नावं किती घालावीत यावर कमिटीत मतभेद आहेत. काय लिहावं?
– कमिटीतर्फे, अथणी तालुका

उत्तर : नव्या करारातल्या इफिसकरांच्या पत्रात प्रेषित आणि संदेष्टे हा पाया आणि ख्रिस्त येशू स्वतः मुख्य कोनशिला, असं लिहिलं आहे. त्या दगडावर आणखी नावं दाटीवाटीनं बसवू नयेत असं मला वाटतं. देणगीदारांची नावं हिशेबाच्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहा, अगदी दहा रुपये दिलेल्यांचीही. दगडावर साल घाला आणि ते वचन, मराठीत आणि खाली कन्नडमध्ये, दोन्ही अक्षरं एकाच उंचीची. कोरणाऱ्याला सांगा अक्षरं खोल घे, नाहीतर दोन-तीन वर्षांच्या चुन्यात ती भरून जातात. आणि अथणीकडची जमीन काळी आहे, तेव्हा दगडाचं ठरवण्याआधी मुरूम किती फुटांवर लागला ते कळवा.